अर्धबंदिस्त समुद्रातले फ्रंट ‘बदलतात’ म्हणजे नेमके काय बदलते?

सागरवही

गेली काही वर्षे मी उपग्रहांनी टिपलेल्या समुद्रपृष्ठाच्या तापमानाचे नकाशे अभ्यासते आहे. माझा विषय अर्धबंदिस्त किनारी समुद्र हा आहे, म्हणजे बहुतेक बाजूंनी जमिनीने वेढलेला आणि एक-दोन सामुद्रधुन्यांतून मोठ्या समुद्राशी जोडलेला उथळ जलभाग. अशा समुद्रात दोन वेगळ्या गुणांचे पाणी जिथे एकमेकांना भिडते, तिथे तापमान, क्षारता किंवा रंग थोड्याशा अंतरात एकदम बदलतो. या अरुंद पट्ट्याला सागरविज्ञानात फ्रंट म्हणतात. मराठीत सीमापट्टा, आघाडी असे शब्द सुचतात, परंतु चर्चेत गोंधळ होऊ नये म्हणून मी फ्रंट हाच शब्द वापरते.

माझ्यापुढे तीन कोडी आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली असावीत असा मला संशय आहे. उन्हाळ्यात ठळक दिसणारा फ्रंट शरद ऋतूत काही आठवडे नकाशावरून पुसला जातो आणि हिवाळ्यात जवळपास त्याच जागी परत दिसतो, पण तेव्हा थंड आणि उबदार बाजूंची अदलाबदल झालेली असते. हा तोच फ्रंट मानायचा की दुसरा? दुसरे कोडे असे की उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांच्यातला प्रवाहाचा फरक एवढा मोठा असूनही फ्रंट पंधरवड्यात फारसा हलताना दिसत नाही. आणि तिसरे, जे मला सर्वांत जास्त सतावते, ते असे की वीस वर्षांच्या नकाशांत फ्रंटची वारंवारता हळूहळू वाढलेली दिसते. ही वाढ समुद्रातली आहे की मोजणीतली, हे ठरवल्याशिवाय पुढे लिहिण्याचे धाडस होत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खोलवेध

सागरवही, फ्रंट कशामुळे तयार होतो याचा हिशेब आधी मांडू या, कारण काळानुसार होणारे सगळे बदल त्या हिशेबातील एखादा आकडा हलल्यामुळे होतात.

उन्हाळ्यात सूर्य वरच्या थराला तापवतो. गरम पाणी हलके असल्यामुळे ते वरच राहू पाहते. भरती-ओहोटीचा प्रवाह तळाशी घासतो, त्यातून खळबळ निर्माण होते आणि ती पाण्याला तळापासून वर घुसळत आणते. ज्या जागी घुसळण जिंकते तिथे पाणी वरपासून खालपर्यंत एकाच तापमानाचे राहते, आणि ज्या जागी ऊन जिंकते तिथे वर उबदार व खाली थंड असे दोन थर पडतात. या दोन प्रदेशांच्या सीमेवर उन्हाळी फ्रंट उभा राहतो. सिम्पसन आणि हंटर या सागरशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयरिश समुद्रासाठी दाखवून दिले की ही सीमा एका साध्या गुणोत्तरावरून ओळखता येते: पाण्याची खोली भागिले भरतीप्रवाहाच्या वेगाचा घन. खोली अंशस्थानी येते, कारण पाणी जितके खोल तितकी पृष्ठावरची उष्णता अधिक खाली ढकलावी लागते. वेगाचा घन छेदस्थानी येतो, कारण तळाच्या घर्षणात खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्या ऊर्जेचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष थर मोडण्याच्या कामी येतो आणि बाकीची उष्णता होऊन जाते, तरीही एवढा लहान वाटा समुद्राचा नकाशा ठरवायला पुरतो.

मीटर आणि सेकंद ही एकके घेतली तर हे गुणोत्तर साधारण ५०० च्या आसपास असते तिथे फ्रंट सापडतो. समजा, एका सामुद्रधुनीत खोली ५० मीटर आहे आणि वेग सेकंदाला १.२ मीटर आहे. गुणोत्तर येते सुमारे २९, म्हणजे तिथे पाणी भर उन्हाळ्यातही पुरते घुसळलेले राहणार. पलीकडच्या खोऱ्यात खोली ६० मीटर आणि वेग ०.३५ मीटर असेल तर गुणोत्तर १,४०० होते आणि तिथे थर पडणारच. खोलीत फक्त दहा मीटरांचा फरक आहे. खरा फरक वेगाने पाडला.

अर्धबंदिस्त समुद्रात फ्रंट इतके का आढळतात, याचे उत्तर इथेच मिळते. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात अरुंद सामुद्रधुन्या आणि रुंद खोरी आळीपाळीने येतात. सामुद्रधुनीत प्रवाह कोंडून वेगवान होतो, खोऱ्यात शिरताच मंदावतो, आणि त्यामुळे उन्हाळ्यात सामुद्रधुनीच्या तोंडाबाहेर फ्रंटचे कंस दिसतात. आयरिश समुद्राच्या पश्चिम भागात पाणी १०० मीटरहून खोल आहे आणि भरतीचा प्रवाह मंद आहे, म्हणून तिथे वसंतापासून शरदापर्यंत थर टिकतात, तर भोवतालचे पाणी घुसळलेले राहते.

हा हिशेब फ्रंटची सरासरी जागा उत्तम सांगतो. पण त्यात काळ नाही, आणि आपला प्रश्न काळाचा आहे.

भांगउधाण

दुसऱ्या कोड्याबद्दल लिहितो, कारण याच प्रश्नावर मी स्वतः बरेच दिवस अडलो होतो.

चंद्रामुळे येणारी मुख्य अर्धदैनिक भरती १२.४२ तासांची आणि सूर्यामुळे येणारी १२ तासांची. त्यांचा मेळ जुळून सुटण्याला १४.७७ दिवस लागतात, आणि त्यातून उधाण आणि भांग यांचा पंधरवडा तयार होतो. सूर्याचा वाटा चंद्राच्या एक तृतीयांश धरला, तर उधाणाचा प्रवाह भांगाच्या दुप्पट होतो. दुपटीचा घन आठ. म्हणजे गुणोत्तराचा हिशेब जसाच्या तसा लावला, तर सीमा ठरवणारा आकडा एका आठवड्यात आठपट बदलतो, आणि फ्रंटने दर पंधरवड्याला कित्येक किलोमीटर, तळाचा उतार फारच सौम्य असेल तर दहा-वीस किलोमीटर, पुढे-मागे जायला हवे. ब्रिटनभोवतीच्या समुद्रांत उपग्रहचित्रांवरून मोजले तेव्हा प्रत्यक्ष सरकणे त्या मानाने फारच थोडे, मोजक्या किलोमीटरांचे, निघाले.

सिम्पसन आणि बॉवर्स यांनी यामागची दोन कारणे उलगडली, आणि मला ती या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पहिले कारण म्हणजे साठवण. थर पडलेल्या बाजूला कित्येक आठवड्यांच्या उन्हाची हलकेपणाची पुंजी जमा झालेली असते. उधाण आले म्हणून ती पुंजी चार-पाच दिवसांत मोडून काढता येत नाही, आणि ती मोडत आली न आली तोच भांग लागते. दुसरे कारण असे की थर जितके पक्के, तितकी घुसळण दुबळी पडते. हलके पाणी जड पाण्यावर बसले की तळाकडून आलेली खळबळ सीमेवर दबते आणि तीच ऊर्जा पूर्वीइतके काम करू शकत नाही. म्हणून आधीच थर पडलेली जागा थर टिकवते आणि आधीच घुसळलेली जागा घुसळलेली राहते.

याचा अर्थ असा की फ्रंटला स्मरण असते. आजची त्याची जागा आजच्या भरतीवरून काढता येत नाही, मागच्या दीड-दोन महिन्यांचा इतिहास लागतो. आपल्या नकाशात फ्रंट पंधरवड्याला फारसा हलत नाही, हे मोजणीचे अपयश समजू नका. ते त्या स्मरणाचे चिन्ह आहे.

एक बारकावा मात्र तपासून पाहा. उधाण आणि भांग यांत फ्रंटची जागा टिकली तरी त्याची धार बदलते. भांगात घुसळलेल्या बाजूच्या कडेला पातळ उबदार साय धरते आणि पृष्ठावरचा उतार पसरट होतो. उधाणात ती साय मोडते आणि उतार पुन्हा तीव्र होतो. जागा आणि तीव्रता या दोन गोष्टी वेगळ्या नोंदल्यात तर हे दिसेल.

सागरवही

भांगउधाण, मी जागा आणि तीव्रता एकाच निर्देशांकात मिसळल्या होत्या, त्या आता वेगळ्या करते. शरदातल्या अदलाबदलीबद्दल कोणी लिहील का? नकाशावर सप्टेंबरअखेर फ्रंट आहे, ऑक्टोबरच्या मध्यात जवळजवळ काही नाही, आणि डिसेंबरात रंग उलटे. (मी उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्याबद्दल बोलते आहे.)

थंडतळ

या प्रश्नात पृष्ठ आणि तळ यांना वेगळे पाहिल्याशिवाय उत्तर लागत नाही.

आधी पृष्ठ पाहू. शरदात समुद्र उष्णता गमावू लागतो. समजा, प्रत्येक चौरस मीटरमागे १०० वॉट इतकी उष्णता हवेत जाते आहे. २० मीटर खोल, तळापर्यंत घुसळलेल्या पाण्याचा स्तंभ त्यामुळे रोज सुमारे ०.१ अंशाने थंड होतो. ८० मीटर खोल स्तंभ तळापर्यंत मिसळला असेल तर तोच रोज ०.०२६ अंशाने थंड होतो. दोन महिन्यांत उथळ पाणी सहा अंशांहून अधिक उतरते आणि खोल पाणी दीड अंशाच्या आसपास. उन्हाळ्यात उथळ, घुसळलेली बाजू पृष्ठावर थंड होती, कारण तिची उष्णता सगळ्या खोलीत वाटली गेली होती. खोल बाजू पृष्ठावर उबदार होती, कारण तिची उष्णता वरच्या पातळ थरात अडकली होती. थंडी सुरू झाली की खोल बाजूचा वरचा थर खालच्या थंड पाण्यात मिसळत उतरतो आणि उथळ बाजू आपल्या मर्यादित साठ्यातून भराभर उष्णता गमावते. एका टप्प्यावर दोन्ही बाजूंचे पृष्ठतापमान सारखे होते. तुमच्या नकाशातला तो रिकामा महिना म्हणजे हा टप्पा. त्यानंतर उथळ बाजू पुन्हा खोल बाजूपेक्षा थंड होत जाते.

आता नीट पाहा: उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात थंड बाजू तीच आहे का? जर फ्रंटच्या एका बाजूला उथळ घुसळलेले आणि दुसऱ्या बाजूला खोल थर पडलेले पाणी असेल, तर उथळ बाजू दोन्ही ऋतूंत थंडच राहील आणि मध्ये फक्त खंड पडेल. तुमच्याकडे खरोखर अदलाबदल होते आहे, म्हणजे उन्हाळ्यातली तुमची थंड बाजू बहुधा उथळ नाही. ती खोल पण वेगवान प्रवाहाची सामुद्रधुनी असावी. उन्हाळ्यात घुसळणीमुळे ती थंड, आणि हिवाळ्यात खोलीमुळे व बाहेरच्या समुद्राच्या पाण्यामुळे उबदार. मग दोन्ही ऋतूंतल्या रेषा जवळजवळ एकाच जागी आल्या तरी त्यांना घडवणारी कारणे वेगळी आहेत. मी त्यांना दोन फ्रंट मानेन आणि त्यांची वारंवारता कधीही एकत्र मोजणार नाही.

तळाची गोष्ट याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. पश्चिम आयरिश समुद्रात हिवाळ्यातले थंड पाणी उन्हाळाभर तळाशी घुमटासारखे अडकून राहते. त्याच्या कडांवर तळालगत तीव्र फ्रंट असतो, आणि या घनतेच्या उतारामुळे घुमटाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चक्राकार प्रवाह वाहतो. तिथल्या चिखलाळ तळावर राहणाऱ्या नेफ्रॉप्स जातीच्या शेवंड्यासारख्या प्राण्याची पिले वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्यात तरंगत असतात. तो चक्राकार प्रवाह त्यांना त्या चिखलाच्या प्रदेशाबाहेर फारसे जाऊ देत नाही. म्हणून तो प्रवाह कोणत्या आठवड्यात उभा राहतो आणि कधी मोडतो, हा प्रश्न त्या प्राण्यासाठी जगण्याचा आहे. शरदात पृष्ठावरचा फ्रंट दिसेनासा होतो तेव्हाही तळाचा फ्रंट काही काळ शाबूत असू शकतो. उपग्रहाचे अवरक्त उपकरण पाण्याच्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या त्वचेचे तापमान पाहते. तळाबद्दल ते काहीच सांगत नाही.

वल्हेकरी

मी संशोधक नाही. सर्वेक्षणाच्या बोटींवर उपकरणे पाण्यात सोडण्याचे काम केले आहे, म्हणून फ्रंट ओलांडताना डोळ्यांना काय दिसते तेवढे लिहितो, कारण नकाशावरच्या रेषेला जाडी आणि पोत असतो हे ध्यानात राहावे असे मला वाटते.

वारा पडलेला असला की फ्रंट दुरूनच ओळखू येतो. अलीकडे पाणी तेलकट गुळगुळीत, पलीकडे बारीक लाटांनी खडबडीत, आणि मध्ये फेसाचा पट्टा, जो काही ठिकाणी हातभर आणि काही ठिकाणी बोटीइतका रुंद असतो. त्या पट्ट्यात शेवाळाचे तुकडे, पिसे, लाकडाच्या ढलप्या आणि प्लास्टिक जमलेले असते, कारण दोन्हीकडचे पाणी तिथे येऊन खाली जाते आणि तरंगणारे मात्र वरच अडकते. पक्षी त्याच ओळीवर बसलेले असतात. बोटीच्या तळाशी बसवलेल्या तापमापकाचा आकडा इतका वेळ दशांशात डोलत असतो तो काही मिनिटांत दीड-दोन अंशांनी बदलतो. मग सीटीडी, म्हणजे खोलीनुसार तापमान आणि क्षारता मोजणारे उपकरण, खाली सोडले की खरा फरक कळतो: एका बाजूला पडद्यावरची तापमानाची रेघ वरपासून तळापर्यंत सरळ उभी, आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या बाजूला तीच रेघ वीस-पंचवीस मीटरांवर पायरीसारखी मोडलेली.

आणखी एक गोष्ट. सकाळी ओलांडलेला फेसाचा पट्टा दुपारी परतताना त्याच जागी कधीच भेटत नाही. भरतीबरोबर सगळा फ्रंट कित्येक किलोमीटर पुढे सरकतो आणि ओहोटीबरोबर मागे येतो. जपानी मच्छीमार अशा रेषांना शिओमे म्हणतात, आणि उदा या जपानी शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. मासे कुठे मिळतील हे त्या रेषेवरून ठरते, हे मच्छीमारांना विज्ञानाच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

सागरवही

वल्हेकरी, सकाळ-दुपारचा हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. माझे मासिक नकाशे भरतीच्या वेगवेगळ्या अवस्थांतली चित्रे एकत्र करून बनवलेले आहेत, म्हणजे फ्रंट त्यांत मुळातच काही किलोमीटर पुसट झालेला असणार. थंडतळ, तुमचा अंदाज बरोबर आहे. माझी उन्हाळी थंड बाजू सामुद्रधुनीचीच आहे आणि तिथे खोली भोवतालच्या खोऱ्यापेक्षा जास्त आहे.

गोडेपाणी

आतापर्यंतची चर्चा उष्णतेभोवती फिरते आहे, तिच्यात क्षारता आणली पाहिजे. अर्धबंदिस्त समुद्रात नद्या येतात आणि त्यांचे पाणी सहज बाहेर निसटत नाही.

पाण्याचे तापमान १२ अंशांच्या आसपास असताना क्षारतेतील एका एककाचा फरक घनतेवर जो परिणाम करतो, तो साधण्यासाठी सुमारे ४ अंशांचा तापमानफरक लागतो. त्यामुळे हिवाळ्यात एक विलक्षण स्थिती निर्माण होते. आतले पाणी थंड पण कमी खारे, बाहेरचे पाणी उबदार पण जास्त खारे. थंडीमुळे आलेला जडपणा आणि गोडेपणामुळे आलेला हलकेपणा एकमेकांना जवळजवळ फेडतात. सेतो अंतर्गत समुद्राच्या किई आणि बुंगो या सामुद्रधुन्यांच्या तोंडाशी, जिथे आतले पाणी कुरोशिओ या उबदार सागरी प्रवाहाकडून आलेल्या पाण्याला भिडते, तिथले हिवाळी फ्रंट या प्रकारचे आहेत. दोन्ही पाण्यांची घनता सारखी असली तरी त्यांचे मिश्रण दोघांपेक्षाही किंचित जड होते, कारण घनता तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही. ते मिश्रण खाली जाते, त्याची जागा घ्यायला दोन्हीकडून पाणी येते आणि फ्रंट धारदार राहतो. उन्हाळी भरतीफ्रंटपेक्षा हे यंत्र पूर्णपणे निराळे आहे, म्हणून दोन फ्रंट मानण्याच्या थंडतळ यांच्या सूचनेला माझे अनुमोदन.

नदीमुखाजवळचे फ्रंट तर तासांच्या घड्याळावर चालतात. आयरिश समुद्राच्या पूर्वेकडील लिव्हरपूल उपसागरात किनाऱ्याकडे गोडसर आणि बाहेर खारे पाणी असते. ओहोटीचा प्रवाह वर वेगवान आणि तळाशी मंद असल्यामुळे वरचे गोडसर पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्यावर पसरते आणि थर पडतात, पुढच्या भरतीत ते उलटे खेचले जाऊन थर मोडतात. असे दिवसातून दोनदा घडते. त्या पट्ट्याचा तुमच्याकडे दिवसाला एकच फोटो असेल, तर काय टिपले गेले हे भरतीच्या अवस्थेवर अवलंबून राहील.

आणि वर्षांच्या घड्याळावर पाहायचे तर नदीचाच इतिहास पाहावा लागतो. चीनच्या बोहाय समुद्राची सरासरी खोली केवळ १८ मीटर आहे. त्याला मिळणारी पीत नदी १९९७ मध्ये २२६ दिवस समुद्रापर्यंत पोचली नव्हती, आणि २००२ पासून धरणांतून पाणी व गाळ ठरवून सोडण्याची पद्धत सुरू झाल्यावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठरावीक काळात लोंढा येऊ लागला. अशा समुद्रात नदीमुखाच्या फ्रंटचा वीस वर्षांचा कल काढला, तर त्यात हवामानाआधी धरणांचे दरवाजे दिसतील.

पिक्सेल

तिसऱ्या कोड्याकडे येतो. सागरवही, तुमच्या प्रश्नातले धोक्याचे ठिकाण हेच आहे.

फ्रंट शोधण्याची प्रचलित पद्धत कायुला आणि कॉर्निलॉन यांनी १९९२ मध्ये मांडली. चित्रातल्या छोट्या चौकटीत तापमानांचे दोन वेगळे गट पडतात का हे ती तपासते आणि पडत असतील तर त्यांच्या सीमेवरचे बिंदू जोडते. मग एखाद्या बिंदूवर किती वेळा फ्रंट आढळला, याला तो बिंदू किती वेळा ढगांविना दिसला याने भागून वारंवारता काढतात. हा भागाकार केला नसेल तर ढग कमी असलेला प्रत्येक महिना फ्रंटने भरलेला वाटेल. भागाकार केल्यानंतरही अडचण उरते. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा बरोबर येतात, आणि वारा पडला की पृष्ठ तापते, म्हणजे आपल्याला दिसणारे दिवस हे समुद्राचे सर्वसाधारण दिवस नसतात. वादळानंतरचा समुद्र ढगांखाली झाकलेलाच राहतो.

दुसरी गोष्ट उपकरणांची. जुन्या उपग्रहमालिकेतील दीर्घ नोंदी बहुधा चार किलोमीटरच्या जाळीवर उपलब्ध असतात, तर मोडिस हे उपकरण एक किलोमीटरवर पाहते. ते टेरा उपग्रहावर १९९९ च्या डिसेंबरात आणि अ‍ॅक्वा उपग्रहावर २००२ च्या मेमध्ये अवकाशात गेले. जाळी बारीक झाली की तोच फ्रंट अधिक तीव्र दिसतो, कारण दोन अंशांचा फरक चार किलोमीटरांत वाटण्याऐवजी एका किलोमीटरात मावतो. तुमच्या मालिकेत अशी जोडणी कुठे असेल, तर वाढ तिथेच पायरीसारखी उभी आहे का ते पाहा. शिवाय या दोन्ही उपग्रहांच्या कक्षा आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सरकू लागल्या आहेत आणि त्यांची चित्र घेण्याची वेळ बदलली आहे. दुपारच्या चित्रात उन्हाची पातळ साय थंड पाणी झाकते. त्यामुळे कल काढण्यासाठी केवळ रात्रीची चित्रे वापरावीत, संख्या कमी झाली तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

भांगउधाण

पिक्सेल यांनी उपकरणे तपासायला सांगितली. मी चंद्र तपासायला सांगतो. चंद्राच्या कक्षेचे प्रतल १८.६ वर्षांत एक फेरा पूर्ण करते आणि त्यामुळे मुख्य चांद्र भरतीचा आकार सुमारे ३.७ टक्क्यांनी वर-खाली होतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण घन केला की घुसळणीची शक्ती साधारण ११ टक्क्यांनी वाढते किंवा घटते. ही भरती २००६ च्या सुमारास सर्वांत लहान होती, २०१५ च्या सुमारास सर्वांत मोठी झाली आणि २०२५ च्या सुमारास पुन्हा लहान. कोणी २००६ ते २०१५ एवढेच तुकडे घेऊन कल काढला, तर त्याला चढणारी घुसळण मिळेल आणि तो तिला हवामानबदल समजून बसेल. पंधरवड्याच्या फेऱ्याला फ्रंट दाद देत नाही हे वर लिहिले, परंतु हा फेरा संथ आहे. प्रत्येक वसंतात थर नव्याने पडतात, तेव्हा जुनी पुंजी शिल्लक नसते, आणि फ्रंटला नव्या समतोलाकडे जायला पुरेसा वेळ मिळतो. दिवसाला एकच भरती येणाऱ्या समुद्रांत हा फेरा उलटा चालतो आणि त्याचा परिणाम अधिक मोठा असतो, एवढे ध्यानात ठेवा.

खोलवेध

आणखी दोन कारणे उरतात आणि दोन्ही एकाच दिशेने जाणारी आहेत, फेऱ्यासारखी परतणारी नाहीत.

पहिले माणसाचे बांधकाम. भरतीची लाट अर्धबंदिस्त समुद्रात शिरते, टोकाला आपटते आणि परतते, त्यामुळे किनाऱ्याचा आकार बदलला की सगळ्या समुद्राचे प्रवाह थोडे-फार बदलतात. नेदरलँड्सने १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून झाउडरझे हा समुद्र बंद केला, तेव्हा बाहेरच्या वाडन समुद्रात भरती वाढली, आणि हे होणार असा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांच्या समितीने आधीच करून ठेवला होता. जपानच्या आरिआके समुद्रातील इसाहाया उपसागर १९९७ मध्ये बांधाने तोडला गेला, आणि त्याने भरतीप्रवाह किती मंदावले यावर तिथे वर्षानुवर्षे वाद झाला. प्रवाह पाच टक्क्यांनी घटला तर त्याचा घन चौदा टक्क्यांनी घटतो, म्हणून असे वाद किरकोळ मानता येत नाहीत. कोलोरॅडो नदीवर १९३५ मध्ये हूवर आणि १९६० च्या दशकात ग्लेन कॅन्यन ही धरणे झाल्यावर कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या टोकाशी येणारे गोडे पाणी जवळजवळ थांबले. जिथे आत जाताना पाणी गोडसर होत असे, तिथे ते आता अधिक खारे होत जाते. त्या आखातात क्षारतेच्या उताराची दिशाच फिरली.

दुसरे कारण तापणारा समुद्र. हे नेहमी असे मांडले जाते की जास्त उष्णता आली की थर पक्के होतात. त्यातली सूक्ष्म बाब अशी की उबदार पाणी तेवढ्याच उष्णतेने अधिक प्रसरण पावते. समुद्राचे पाणी २० अंशांना असताना एका अंशामागे जेवढे फुगते, ते १० अंशांच्या पाण्याच्या सुमारे दीडपट आहे. म्हणून ऊन तेवढेच राहिले तरी उबदार समुद्रात त्याच उन्हातून अधिक हलकेपणा तयार होतो आणि थर लवकर पडून उशिरा मोडण्याकडे कल राहतो. मात्र याने फ्रंट नकाशावर दूर सरकेल असे गृहीत धरू नका. जिथे प्रवाह काही किलोमीटरांतच एकदम मंदावतो, तिथे वेगाच्या घनाचा उतार इतका तीव्र असतो की समतोलाचा आकडा दीडपट झाला तरी सीमा जेमतेम हलते. अशा ठिकाणी बदल फ्रंटच्या आयुष्यात दिसेल, जागेत क्वचित.

सागरवही

आपण सर्वांनी लिहिलेले वाचून मी काम नव्याने आखले आहे. उन्हाळी आणि हिवाळी फ्रंट वेगळे मोजेन. प्रत्येकासाठी जागा, तीव्रता आणि दिसू लागण्याचा व पुसला जाण्याचा आठवडा यांच्या स्वतंत्र मालिका ठेवेन. फक्त रात्रीची आणि एकाच उपकरणाची चित्रे घेईन, प्रत्येक चित्राला भरतीची अवस्था जोडेन, आणि कल काढण्याआधी १८.६ वर्षांचा फेरा बसवून पाहीन. माझी मालिका एका फेऱ्याहून जेमतेम मोठी आहे, त्यामुळे फेरा आणि कल यांची फारकत किती भरवशाची होईल याची मला धास्ती आहे.

आज सकाळी उपकरणानुसार मालिका तोडून पाहिली. वारंवारतेतील वाढीचा मोठा भाग पिक्सेल यांनी सांगितलेल्या जागीच, पायरीसारखा उभा होता. उरलेली वाढ लहान आहे आणि ती सगळी वसंतात आहे, उन्हाळ्याच्या मध्यात नाही.

थंडतळ

मग ती वसंतातली उरलेली वाढच पाहण्यासारखी आहे, कारण थर लवकर पडू लागले तर खूण तिथेच उमटायला हवी. तुमच्या खोऱ्याच्या मध्यभागी तळाच्या तापमानाची नोंद ठेवणारा एखादा जुना तरंगता खांब किंवा मासेमारी सर्वेक्षणाचे ठरलेले ठिकाण असेल, तर एप्रिल आणि मे महिन्यांतली पृष्ठाची व तळाची तापमाने प्रत्येक वर्षासाठी शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यात अर्धा अंश फरक पहिल्यांदा कोणत्या तारखेला पडतो ते लिहून काढा. ती तारीख तुमच्या नकाशातल्या पहिल्या फ्रंटच्या आठवड्याबरोबर सरकत असेल, तर वाढ समुद्रातली आहे. सरकत नसेल तर रात्रीच्या चित्रांतल्या वसंतातल्या ढगांकडे पुन्हा एकदा पाहावे लागेल. नोंदी मिळाल्या की इथेच टाका, हिशेब तपासायला मी बसतो.